आलं तसं पाठवलं

आमच्या घराण्यात सगळ्यांत आधी आत्या उठते आणि मग तिचा फोन बाकीच्यांना उठवतो. 'गोतावळा' नावाच्या आमच्या ग्रुपवर ४३ माणसं आहेत. त्यांतली निम्मी पहाटे साडेपाचला आत्याच्या पहिल्या मेसेजने दचकतात. उरलेली निम्मी फोनचा गळा दाबून झोपतात. आत्या डोंबिवलीच्या एका शाळेत ३१ वर्षं विज्ञान शिकवून निवृत्त झाली. दोन-तीन पिढ्यांना तिने बेडकाचं हृदय आणि लिटमसचा कागद समजावला. पण निवृत्तीनंतर हातात स्मार्टफोन आला आणि तिच्या प्रत्येक मेसेजच्या शेपटाला तीन शब्द येऊन चिकटले: 'आलं तसं पाठवलं.'

एसटीत पाटी असते ना, 'प्रवाशांनी आपल्या सामानाची काळजी स्वतः घ्यावी'? त्यातलंच हे. कुठून आलं ते विचारायचं नाही, खरं आहे का ते तर नाहीच नाही. माल फुटका निघाला तर डायव्हर-कंडक्टर जबाबदार नाहीत.

२०२० च्या ९ मार्चला पुण्यात महाराष्ट्रातले पहिले करोनाचे रुग्ण सापडले आणि आत्याच्या गाडीला जादा फेऱ्या सोडाव्या लागल्या.

पहिली मोठी खेप आली ती फ्रान्सहून. १४ मार्चला फ्रान्सचे आरोग्यमंत्री ऑलिव्हिए वेराँ यांनी ट्विट केलं की आयब्युप्रोफेनसारख्या औषधांनी हा आजार बळावू शकतो, तापासाठी पॅरासिटामॉल घ्या. त्याआधी काही संशोधकांनी एका वैद्यकीय नियतकालिकाला पत्र लिहून तशी एक शंका मांडली होती. शंकाच ती, प्रयोग नव्हे. हे ट्विट पॅरिसहून निघून डोंबिवली पूर्वेला दोन दिवसांत पोचलं. सीएसटीहून सुटलेली आमची लोकलही कधी इतकी वेळेवर आलेली नाही.

पण प्रवासात त्याचं एक सामान हरवलं. मंत्र्यांच्या वाक्यात 'बळावू शकतो' होतं. माझ्या मामेभावाने पाठवलं तेव्हा ते 'बळावतो' झालं. मामीने 'बळावतोच' केलं. आत्याकडून आलं तेव्हा व्हिएन्नाच्या प्रयोगशाळेत ते सिद्ध होऊन, घरातल्या सगळ्या गोळ्या ताबडतोब फेकून द्या, कृपया लहान मुलांना जपा, असं सुवाच्य झालेलं होतं. व्हिएन्नाच्या वैद्यकीय विद्यापीठाला जाहीर करावं लागलं की बाबांनो, असं काही आम्ही शोधलेलं नाही.

तेव्हापासून माझं मत झालं आहे की अफवा म्हणजे 'शकतं' गळून पडलेलं वाक्य. बाकी सगळं तसंच असतं. औषधाचं नाव खरं, देश खरा, कधीकधी शास्त्रज्ञसुद्धा खरा. फक्त तो एवढासा 'शकतं' गर्दीत उतरून गेलेला असतो, दादरला पाकीट जावं तसा.

१८ मार्चला जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं की आयब्युप्रोफेन घेऊ नका असा आमचा सल्ला नाही. हा खुलासा 'गोतावळा'वर कधीच आला नाही. खुलाशाला कोणी 'आलं तसं' पाठवत नाही, कारण खुलाशात कोणाला जपायचं नसतं.

आता आत्याला हसतोय म्हणून माझं सांगायचं राहू नये. आत्याचा मेसेज आला त्या रात्री मी औषधांच्या डब्यातून दुखण्याच्या गोळ्यांची अख्खी पट्टी काढून कचऱ्यात टाकली आणि तो मेसेज ऑफिसच्या ग्रुपवर ढकलला. वर लिहिलं, 'खरं-खोटं माहीत नाही, पण काळजी घेतलेली बरी.' आठवड्याभरात लॉकडाउन लागला आणि त्याच्या तिसऱ्या दिवशी माझी अक्कलदाढ ठणकायला लागली. दातांचा दवाखाना बंद. गालात लवंग धरून मी रात्रभर गॅलरीत येरझाऱ्या घातल्या. समोरच्या इमारतीतल्या काकूंनी सकाळी बायकोला फोन करून विचारलं, 'ह्यांना जरा टेन्शन आलंय का गं? कोणाशी तरी बोलायला सांग त्यांना.' अक्कलदाढ नेमकी कधी येते ते मला त्या रात्री कळलं.

साथीतल्या औषधी अफवांच्या दोनच जाती आहेत. पहिली 'घेऊ नका' आणि दुसरी 'घ्याच'. 'घेऊ नका' जातीचा मेरुमणी म्हणजे पी-५००. पॅरासिटामॉलच्या नव्या, जास्तच पांढऱ्या आणि चकचकीत गोळ्यांवर पी-५०० लिहिलेलं असतं, त्या घेऊ नका, त्यांत 'माचुपो' नावाचा जीवघेणा विषाणू आहे, असा तो मेसेज. वास्तविक माचुपो हा दक्षिण अमेरिकेतल्या बोलिव्हियाचा विषाणू. तिथल्या शेतातल्या एका उंदराच्या मलमूत्रातून तो माणसाला होतो. बोलिव्हियाच्या बाहेर त्याने फारसं पाऊल टाकलेलं नाही. मेसेज मात्र तरबेज प्रवासी. २०१७ मध्येच तो इंडोनेशिया, मलेशिया, सिंगापूर फिरून आला होता. तिकडच्या औषध खात्यांनी त्याला खोटा ठरवून हाकलला, तसा तो मजल दरमजल करत आमच्या ग्रुपवर मुक्कामाला आला. म्हणजे फ्रान्सचे मंत्री सांगतात पॅरासिटामॉलच घ्या, आणि बोलिव्हियाचा उंदीर सांगतो तेही नको. आत्याने तोडगा काढला. तिने दोन्ही बंद केली आणि कपाळावर मिठाच्या पाण्याच्या घड्या ठेवायला सांगितलं.

'घ्याच' जातीची यादी तर मारुतीच्या शेपटासारखी. ट्रम्पसाहेबांनी २१ मार्चला हायड्रॉक्सिक्लोरोक्विनची वाहवा केली. दोन दिवसांनी आयसीएमआरने ते करोनाच्या रुग्णांची सेवा करणाऱ्या आरोग्य कर्मचाऱ्यांना आणि रुग्णांच्या घरच्यांना प्रतिबंधासाठी सुचवलं. तिसऱ्या दिवशी आमच्या कोपऱ्यावरच्या मेडिकलसमोर अशी माणसं उभी होती ज्यांचा आरोग्याशी संबंध सकाळच्या फेरफटक्यापुरता. २६ मार्चला सरकारने त्या औषधाच्या विक्रीवर निर्बंध आणले, तोवर संधिवाताचे जे खरे गिऱ्हाईक, ते रिकाम्या हाताने परत जात होते. जूनमध्ये ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीत दिसलं की इस्पितळातल्या करोनाच्या रुग्णांना त्याचा उपयोग होत नाही. तोपर्यंत लोक काढ्यावर गेले होते.

काढा! त्या उन्हाळ्यात आमच्या सोसायटीच्या जिन्यात मजल्यागणिक वेगळा वास यायचा. पहिल्यावर सुंठ, दुसऱ्यावर दालचिनी, तिसऱ्यावर गुळवेल, चौथ्यावर करपलेलं काहीतरी. दुसऱ्या मजल्यावरचे बँकेतले काका दिवसाला सहा वेळा काढा घेत आणि मग पोटात आग पडते म्हणून ॲसिडिटीची गोळी घेत. ही गोळी मात्र चालायची, कारण तिच्याविरुद्ध मेसेज आला नव्हता.

मग नगरसेवकांनी घरोघर अर्सेनिक अल्बम ३० च्या बाटल्या वाटल्या. बाटलीवर औषधाचं नाव मुंगीएवढं आणि साहेबांचा फोटो टपाल तिकिटाएवढा. आयुष मंत्रालयाने २९ जानेवारी २०२० लाच, म्हणजे देशातला पहिला रुग्ण सापडायच्या आदल्या दिवशी, हे औषध तीन दिवस उपाशीपोटी घ्यायला सुचवलं होतं. आता अर्सेनिक म्हणजे मराठीत सोमल. जुन्या गोष्टींत राण्या सवतीच्या दुधात घालायच्या, तोच. पांढऱ्या पॅरासिटामॉलला घाबरणारी आमची आत्या, ३१ वर्षं विज्ञान शिकवलेली, निमूटपणे जिभेवर सोमलाच्या साबुदाणा-गोळ्या ठेवून बसली. घाबरायचं तसं काही कारणही नव्हतं. ३० पोटन्सी म्हणजे एकाला शंभर असं तीस वेळा पातळ केलेलं. त्या बाटलीत सोमलाचा कण सापडण्याची शक्यता साहेब पुन्हा आमच्या गल्लीत दिसण्याच्या शक्यतेहूनही कमी.

गोळीला भ्यायचं आणि सोमलाला नाही, हे कोडं बराच काळ मला सुटेना. मग एका दुपारी आत्या भिंगातून औषधाच्या खोक्यातलं माहितीपत्रक वाचताना दिसली. मोठा थोरला कागद, सोळा घड्या आणि त्यावर मुंगीच्या पावलांनी लिहिलेलं मळमळ, चक्कर, पुरळ, क्वचित यकृतावर परिणाम. 'बघ,' ती म्हणाली, 'कंपनी स्वतःच लिहून देतेय!' आणि माझ्या डोक्यात दिवा पेटला. ज्याच्यासोबत कागद येतो, त्याला दुष्परिणाम असतात. ज्याच्यासोबत कागद येत नाही, त्याला नसतात. गुळवेलीच्या वेलाला कुठे माहितीपत्रक टांगलेलं असतं? कापूर, लवंग आणि ओव्याची पुरचुंडी हुंगली की ऑक्सिजन वाढतो, असं २०२१ च्या एप्रिलमध्ये आलं, तेव्हा पुरचुंडीच्या घडीत कोणी कागद घातला नव्हता. म्हणजे बिनधोक.

खरं तर त्याच वर्षी मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद एका वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्यावर जोरदार आक्षेप घेतला. तो वाद तज्ज्ञांचा. मी आत्याला एवढंच म्हटलं की निदान मोजून तरी घे. आत्या म्हणाली, 'निसर्गाला काय मोजायचं?' हीच बाई आम्हाला प्रयोगशाळेत आम्लाचा एक थेंब जास्त पडला तर पट्टी मारायची.

गोव्याचंही सांगायला हवं. १० मे २०२१ ला गोव्याच्या आरोग्यमंत्र्यांनी जाहीर केलं की अठरा वर्षांवरच्या सगळ्यांनी, करोना असो वा नसो, आयव्हरमेक्टिन घ्यावं, १२ मिलिग्रॅम, पाच दिवस. हे औषध मुळात जंतांवरचं, आणि गुणी. त्याच्या संशोधकांना २०१५ मध्ये नोबेल मिळालं. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या मुख्य शास्त्रज्ञ सौम्या स्वामिनाथन यांनी लगेच आठवण करून दिली की चाचण्यांपुरतं सोडून करोनासाठी ते वापरू नये असा संघटनेचा सल्ला आहे. म्हापशाची माझी मावसबहीण फोनवर म्हणाली, 'सरकार सांगतं घ्या, ती बाई सांगते नको, मेडिकलवाला सांगतो संपलं. तिघांत खरं बोलणारा मेडिकलवालाच.'

अफवा थोपवायचा प्रयत्न व्हॉट्सॲपनेही केला. ७ एप्रिल २०२० पासून, खूपदा पुढे गेलेला दुहेरी बाणाचा मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल, असं त्यांनी केलं. आत्याने ह्यावर उपाय शोधला. ती असे मेसेज चष्मा लावून, एका बोटाने, स्वतः टाइप करू लागली. बाण गळाला, आणि वर 'पॅरासिटमॉल' अशी घरगुती चूक पडल्यामुळे मजकूर मनापासून लिहिल्यासारखा वाटू लागला. एका मेसेजला तिला चाळीस मिनिटं लागायची. कोणाच्या वाईटावर असलेलं माणूस चाळीस मिनिटं एका बोटाने टाइप करत नाही. हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

कळलं नाही. मी केंद्र सरकारच्या पीआयबीच्या फॅक्ट चेकची चित्रं काढून आत्याच्या प्रत्येक मेसेजखाली चिकटवायला लागलो. लाल शिक्क्यात मोठ्या अक्षरांत 'फेक'. पहिल्या दिवशी आत्याने हात जोडलेलं चित्र टाकलं. आमच्या घराण्यात त्याचा अर्थ नमस्कार नसून 'संपलं तुझं-माझं' असा होतो. दुसऱ्या दिवशी काकांनी 'लहान तोंडी मोठा घास' लिहिलं. तिसऱ्या दिवशी बाबांचा फोन आला, 'आत्याला चारचौघांत असं बोलतात का? तिने तुला लहानपणी अंगाखांद्यावर खेळवलंय.' पॅरासिटामॉलमधला विषाणू बाजूला राहिला आणि १९८४ साली मी तिच्या नव्या साडीवर काय केलं होतं, ह्यावर चर्चा गेली.

ही आजकालची फोनची थेरं आहेत असं म्हणावं तर तेही नाही. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस ह्या गोमंतकीय डॉक्टरांनी मुंबईतला प्लेग ओळखला. पुढच्याच महिन्यात गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या इस्पितळावर चाल केली. आत नेलेला माणूस परत येत नाही, त्याच्या अंगातून 'मोमियाई' नावाचा औषधी अर्क काढतात, अशी बोलवा तेव्हा शहरभर होती. पुढे शास्त्रज्ञ हाफकिन यांनी प्लेगची लस तयार करून १० जानेवारी १८९७ ला भायखळ्यात आधी स्वतःलाच टोचून घेतली, तरी लोक म्हणत की ती टोचली की माणूस जागच्या जागी मरतो किंवा नामर्द होतो. एकशे चोवीस वर्षांनी, २०२१ च्या जानेवारीत, देशाच्या औषध महानियंत्रकांना लसीने नामर्द होण्याची तीच गोष्ट पुन्हा खोडून काढावी लागली. तेव्हा अफवा पायी चालायची, आता बोटावर चालते. सामान तेच.

मार्चमध्ये साठीच्या वरच्यांना लस मिळू लागली. आत्याने ती घेतली, कारण शाळेच्या मैत्रिणी घेणार होत्या आणि रांगेत गप्पा होणार होत्या. रात्री ताप भरला. लसीच्या ठिकाणी सांगितलं होतं की ताप आला तर पॅरासिटामॉल घ्या. आत्या म्हणाली, मरेन पण पी-५०० घेणार नाही. मी फोनवर बोलिव्हियाचा नकाशा समजावत होतो, तेवढ्यात बायकोने माझ्या हातून फोन घेऊन मेडिकलला लावला.

कोपऱ्यावरच्या मेडिकलचा मालक हा आत्याचा विद्यार्थी. आठवीला विज्ञानात ३५ मिळवलेला. तो दुकान बंद करून पट्टी घेऊन आत्याच्या दारात उभा राहिला. मास्क लावून, चपला बाहेर काढून.

'बाई, ताप किती?'

'एकशे एक. पण मी ती गोळी घेणार नाही.'

'नका घेऊ. मला फक्त एक शंका आहे. विषाणूला वाढायला काय लागतं, बाई? आठवीला तुम्ही विचारलं होतं, मला आलं नव्हतं.'

'सजीव पेशी लागते. मठ्ठ कुठला.'

'मग ह्या कोरड्या गोळीत पेशी कोणाची?'

आत्या गप्प झाली. तिने पट्टी दिव्याखाली धरली, भिंगातून मुदत बघितली, बॅच नंबर बघितला. मग म्हणाली, 'आणि पी म्हणजे?'

'पॅरासिटामॉल, बाई. पाचशे म्हणजे मिलिग्रॅम. सहा तासांचं अंतर ठेवा. आणि सर्दीच्या गोळीतही बरेचदा हेच असतं, तेव्हा दोन्ही एकदम नकोत, यकृताला जड जाईल.'

'बस खाली,' आत्या म्हणाली, 'तेव्हा पस्तीस देऊन चुकलेच मी.' आणि तिने गोळी घेतली. माझ्या तीस लाल शिक्क्यांनी जे झालं नाही ते एका प्रश्नाने झालं, कारण मी तिला उत्तर दिलं होतं आणि त्याने ते तिच्याकडे मागितलं.

जूनमध्ये नाशिकचा व्हिडिओ आला. लस घेतल्यावर एका आजोबांच्या अंगाला चमचे आणि नाणी चिकटत होती. 'गोतावळा' हादरला. मी काहीही चिकटवलं नाही. चमचेही नाहीत आणि शिक्केही नाहीत. संध्याकाळी आत्याकडे गेलो तर ती दंडाला स्टीलचा चमचा लावून बसली होती. चिकटला होता. मामा शेजारी उघडेबंब. त्यांनी अजून लस घेतली नव्हती. त्यांच्या पाठीवरही चमचा चिकटला. डोंबिवलीचा जून आहे, त्या घामाला चमचा काय, लोकलमधला परका माणूससुद्धा चिकटतो. आत्याने उठून फडताळातला जुना जर्मनचा चमचा आणला आणि दंडाला लावला. तोही चिकटला. मग तिने फ्रिजवरचं चुंबक काढून त्याला लावलं. चुंबक सटकन खाली पडलं.

'जर्मनला लोहचुंबक धरतच नाही,' ती स्वतःशीच म्हणाली. मग दंडावर टाल्कम पावडर चोपडून तिने दोन्ही चमचे पुन्हा लावून बघितले. दोन्ही खळकन पडले. आत्याच्या चेहऱ्यावर प्रयोगवहीत 'अनुमान' लिहितानाचा भाव आला. त्या रात्री ग्रुपवर चाळीस मिनिटांचा, एका बोटाचा मेसेज आला. शेवटी 'आलं तसं पाठवलं' नव्हतं. 'करून पाहिलं' होतं.

२०२२ च्या जानेवारीत मला करोना झाला. हलकाच, घसा, ताप, अंगदुखी. बायको-मुलांना सासुरवाडीला धाडून मी घरात कोंडून घेतलं. दुसऱ्या दिवशी वॉचमनने दाराबाहेर आत्याची कापडी पिशवी ठेवली. आत पॅरासिटामॉलची एक पट्टी, मुदतीच्या तारखेभोवती लाल शाईचं वर्तुळ. थर्मामीटर. तापाच्या नोंदीसाठी वहीचं आखलेलं पान, वेळांचे रकाने पाडलेले. तळाशी मातीसकट पावशेर आलं आणि एक चिठ्ठी, वळणदार अक्षरातली, फळ्यावर लिहिल्यासारखी:

'गोळी ताप असेल तरच घे, सहा तासांनी. श्वास लागला तर लगेच डॉक्टरांना फोन कर, मला नंतर. आलं बाजारातलं आहे, जसं आलं तसं पाठवलंय, नीट धुऊन घे. चहात किसून घातलंस तर घशाला बरं वाटू शकतं.'

'शकतं'खाली दोन रेघा मारल्या होत्या.